वजन आणि आजारांच्या धोक्याचा अभ्यास हाती आला की तो कसा वाचायचा

‘अमुक बीएमआय असणाऱ्यांना मृत्यूचा धोका इतक्या टक्क्यांनी जास्त’ अशी बातमी आली की ओळखीचे लोक ती मला पाठवतात. (बीएमआय म्हणजे वजन आणि उंचीवरून काढलेला एक आकडा.) खाली एकच प्रश्न असतो: म्हणजे माझं काय? मी बरीच वर्षं आरोग्य सर्वेक्षणांत काम केलं आहे. आधी लोकांचं वजन, उंची, कंबर मोजण्याचं आणि पुढे इतरांनी मोजून आणलेल्या आकड्यांची छाननी करण्याचं. या प्रश्नाचं उत्तर बातमीत क्वचितच मिळतं. बऱ्याचदा ते मूळ अभ्यासातही नसतं, कारण अभ्यासाने तो प्रश्न विचारलेलाच नसतो. त्याने काय विचारलं होतं आणि हाती काय लागलं, हे मात्र कुणालाही वाचून कळू शकतं. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. टक्केवारी येत असली आणि घाई नसली की पुरे.

पहिली सवय अशी लावा: सारांश शेवटी वाचायचा. शोधनिबंध उघडला की थेट ‘पद्धती’ या भागावर जा, मग पहिल्या तक्त्यावर. अभ्यासात कोण लोक होते, त्यांचं वय काय, किती धूम्रपान करणारे, किती आधीपासून आजारी, हे त्या तक्त्यात असतं. सारांश आधी वाचला की निष्कर्ष डोक्यात बसतो आणि पुढचं सगळं त्याला पुरावा म्हणून वाचलं जातं.

आकडा कुणी आणि कसा मोजला

‘पद्धती’मध्ये सर्वांत आधी एक गोष्ट शोधा: वजन-उंची मोजली होती की विचारली होती? फोनवर किंवा फॉर्मवर विचारलं की लोक सरासरीने उंची थोडी वाढवून आणि वजन थोडं कमी करून सांगतात. त्यात फसवणुकीचा हेतू नसतो. पंचविशीत मोजलेली उंची माणूस साठीतही तीच सांगतो, एवढंच. पण बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग भागाकारात असतो, त्यामुळे उंचीतली छोटी वाढ आकड्याला चांगलीच खाली ओढते. सांगीव माहितीवरच्या अभ्यासात लठ्ठपणाचं प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसतं ते याचमुळे.

मोजलं असेल तर कसं मोजलं ते पाहा. वजनकाटा कडक, सपाट जमिनीवर होता का, ठरावीक वजन ठेवून तो वेळोवेळी तपासला का, बूट आणि जाड कपडे उतरवले का, हे चांगल्या अभ्यासात एकदोन ओळींत लिहिलेलं असतं. कंबर मोजणं त्याहून नाजूक काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पद्धतीत ती कमरेच्या हाडाच्या अगदी वर धरतात. दोन्ही ठिकाणचे आकडे वेगळे येतात, विशेषतः स्त्रियांमध्ये. म्हणून दोन अभ्यासांतले कंबरेचे घेर शेजारी ठेवण्याआधी टेप कुठे धरली होती ते बघायलाच हवं. टेप पोटाला लागली की जवळजवळ प्रत्येक जण नकळत पोट आत घेतो. आम्ही त्यांना सहज बोलतं करायचो आणि श्वास नेहमीसारखा सोडून झाला की त्या क्षणी वाचन घ्यायचो. मग पुन्हा एकदा. दोन्हींत फार फरक आला तर तिसऱ्यांदा.

छाननीला बसल्यावर मी पहिला आलेख काढते तो शेवटच्या अंकाचा. नीट मोजलेल्या हजारो नोंदींत दशांश चिन्हानंतर ० ते ९ हे सगळे अंक साधारण सारखेच यायला हवेत, म्हणजे प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आसपास. ० आणि ५ मिळून निम्म्या नोंदी व्यापत असतील तर मोजणाऱ्याने डोळ्याने अंदाज घेऊन आकडा गोल केला आहे. रक्तदाबाच्या नोंदींत तर हे सर्रास होतं. १३८ किंवा १४१ असतं तिथे १४० लिहिलं जातं, आणि १४० ही निदानाची एक रेषा असल्यामुळे त्या गोल आकड्याने माणूस या गटातून त्या गटात जातो. शोधनिबंधात हा आलेख क्वचित देतात. पण ‘मोजणाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, दोन वाचनं घेतली, यंत्रं तपासली’ असं वाक्य दिसलं तर विश्वास वाढवा आणि काहीच नसेल तर हात आखडता घ्या.

बीएमआयकडून किती अपेक्षा ठेवायची

वजन किलोमध्ये, भागिले उंचीचा मीटरमध्ये वर्ग. हे सूत्र बेल्जियमचे आदोल्फ केतले यांच्या कामातून आलं. ते गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ होते आणि १८३० च्या दशकात ‘सरासरी माणसा’ची मापं शोधत होते. कुणाच्या तब्येतीचं निदान करावं असा त्यांचा हेतूच नव्हता. १९७२ मध्ये अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी याच भागाकाराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, तेही समूहांच्या अभ्यासासाठी सोयीचं माप म्हणून. लाखो लोकांचा अभ्यास करायचा तर स्वस्त, झटपट आणि सगळीकडे सारखं मोजता येईल असं काहीतरी हवं, आणि त्या कामाला बीएमआय उत्तम आहे. हे मी मनापासून म्हणते, कारण हल्ली त्याला सरसकट निकालात काढायची पद्धत पडली आहे.

चरबी किती आणि ती कुठे आहे, एवढं मात्र त्यातून कळत नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा, लक्षात राहणारा लेख आला. त्याचे दोन लेखक, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, यांनी स्वतःचेच फोटो आणि आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांनाही ‘ठीक’ म्हणत होता.

म्हणून अभ्यासात कोणती मर्यादारेषा वापरली ते नक्की टिपून ठेवा. नेहमीच्या रेषा जादा वजनासाठी २५ आणि लठ्ठपणासाठी ३०. आशियाई लोकसमूहांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने कृतीचे टप्पे सुचवले. इंग्लंडमधल्या १४ लाखांहून जास्त लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. त्याने प्रश्न फार नेमका विचारला होता: गोऱ्या लोकांत बीएमआय ३० असताना टाइप २ मधुमेहाचा जो धोका असतो, तोच धोका इतर गटांत कोणत्या आकड्याला येतो? दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत २३.९, अरब लोकांत २६.६, चिनी लोकांत २६.९, कृष्णवर्णीयांत २८.१. फरक किती मोठा आहे बघा. जगभर ३० ची एकच रेषा लावून ‘या गटात लठ्ठपणा कमी आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते वाक्य आकड्यांत खरं असूनही आजाराबद्दल चुकीची समजूत करून देतं.

रेषा काळानुसारही हलतात. १९९८ मध्ये अमेरिकेत जादा वजनाची मर्यादा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती, ती दोघांसाठी २५ केली गेली. कुणाचंही वजन न वाढता कोट्यवधी लोक त्या वर्गात आले. रिकाम्या पोटीच्या साखरेची मधुमेहाची रेषा १९९७ मध्ये १४० वरून १२६ वर आली. वर्षानुवर्षांचा चढता आलेख दिसला की आधी खाली बारीक अक्षरात बघा: सगळ्या वर्षांना एकच व्याख्या लावली आहे ना?

‘चयापचय बिघडलं’ म्हणजे नक्की काय मोजलं

या शब्दाखाली वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळ्या गोष्टी येतात. सर्वांत रुळलेली व्याख्या पाच मापांची आहे: कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी), एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि रिकाम्या पोटीची साखर. पाचांपैकी तीन बिघडलेली असली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायचं. कल्पना रूढ केली ती जेराल्ड रेव्हन यांनी, १९८८ च्या एका व्याख्यानात. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ मांडणीत लठ्ठपणाला स्थान नव्हतं. त्यांचा भर होता शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देण्यावर, आणि सडपातळ माणसातही ते घडतं हे त्यांना माहीत होतं.

इथे थोडं थांबून आतलं यंत्र समजून घ्या, कारण ते कळलं की निम्मे निष्कर्ष आपोआप उलगडतात. त्वचेखालची चरबी ही शरीराची साठवणीची जागा आहे. ती जागा पुरते तोवर जादा ऊर्जा तिथे सुरक्षित राहते. ती अपुरी पडू लागली की चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात आणि पोटातल्या अवयवांभोवती जाते, आणि तिथे ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा लठ्ठ लोकांकडून मिळत नाही. तो लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारातून मिळतो. या लोकांच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते किंवा काही भागांतून नाहीशी झालेली असते. ते कृश दिसतात आणि तरीही त्यांना तीव्र इन्सुलिन रोध, मधुमेह, यकृतात चरबी, ट्रायग्लिसराइड खूप वाढणं हे सगळं होतं. साठवायला जागाच नाही म्हणून. फ्रान्समधले डॉक्टर जाँ वाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं की वरच्या धडाला चरबी साठणाऱ्यांना नितंब-मांड्यांना साठणाऱ्यांपेक्षा मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार जास्त होतात. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातही हृदयविकाराच्या झटक्याशी कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तराचं नातं बीएमआयपेक्षा बरंच घट्ट निघालं.

तेव्हा ‘लठ्ठ पण निरोगी’ असा गट असलेला अभ्यास दिसला तर निरोगी कशाला म्हटलं ते वाचा. एका अभ्यासात पाचांपैकी दोन बिघाड चालतात, दुसऱ्यात एकही चालत नाही. आणि हा गट किती वर्षं निरोगी राहिला, ते तर शोधाच. एका दिवशी घेतलेलं रक्त हे त्या दिवसाचं चित्र असतं.

कोण आलं आणि कोण आलंच नाही

यूके बायोबँक हा ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्यविषयक माहितीचा साठा, जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा असावा. ४० ते ६९ वयाचे सुमारे पाच लाख लोक त्यात २००६ ते २०१० दरम्यान आले. बोलावणं मात्र ९० लाखांहून जास्त लोकांना गेलं होतं. आले ५.५ टक्के. जे आले ते एकंदर जनतेपेक्षा कमी लठ्ठ, कमी धूम्रपान करणारे आणि निरोगी होते. म्हणून त्यातून ‘लठ्ठपणा किती टक्के लोकांत आहे’ हे काढू नये. लठ्ठपणा आणि आजार यांचं नातं तपासायला तो वापरतात, पण तिथेही सावधपणा हवा.

फ्रेमिंगहॅमचा अभ्यास १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात ५,२०९ लोकांना घेऊन सुरू झाला. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना आपण आज ‘जोखीम घटक’ म्हणतो ते त्याच्यामुळे. पण ते लोक जवळजवळ सगळे युरोपीय वंशाचे होते. त्या गावावरून काढलेलं धोक्याचं गणित दुसऱ्या समूहाला जसंच्या तसं लावलं तर ते कुठे कमी, कुठे जास्त भरतं. चांगले संशोधक ते आधी त्या समूहावर ताडून बघतात. तसं केल्याचा उल्लेख शोधा.

कारण कोण आणि परिणाम कोण

इथे घाई करू नका. या विषयातले मोठमोठे वाद याच एका वळणावर झाले आहेत, आणि बातम्या सर्वांत जास्त इथेच घसरतात.

२०१३ मध्ये ९७ अभ्यास एकत्र करून, २८ लाखांहून अधिक लोकांच्या आकड्यांवरून, एक निष्कर्ष आला: २५ ते ३० बीएमआय असणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ‘सामान्य’ वजनाच्या लोकांपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी. जगभर मथळे झाले की थोडं जास्त वजन तारक आहे. २०१६ मध्ये दुसऱ्या मोठ्या गटाने २३९ अभ्यासांतले एक कोटीहून अधिक लोक घेतले. मग त्यांनी गाळायला सुरुवात केली. ज्यांनी कधीच धूम्रपान केलेलं नाही असेच लोक ठेवले, सुरुवातीलाच जुनाट आजार असलेले काढले, पहिल्या पाच वर्षांत वारलेले काढले. उरले सुमारे ४० लाख. त्यांच्यात सर्वांत कमी मृत्यू २० ते २५ बीएमआयमध्ये दिसले. २५ ते २७.५ मध्ये धोका ७ टक्के जास्त, २७.५ ते ३० मध्ये २० टक्के जास्त आणि ३० ते ३५ मध्ये ४५ टक्के जास्त.

एवढा फरक कशाने पडला? दोन गोष्टींनी. धूम्रपान करणारे सरासरीने बारीक असतात आणि लवकर जातात. त्यांना मिसळलं की बारीक लोकांचा गट उगाच धोकादायक दिसतो. दुसरं, कर्करोग, क्षय, फुप्फुसाचे जुनाट आजार निदानाच्या आधीच वजन उतरवतात. मग ‘कमी वजनाच्या लोकांत मृत्यू जास्त’ दिसतात, प्रत्यक्षात आजाराने वजन उतरवलेलं असतं. याला उलटं कारण म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे सुरुवातीची काही वर्षं वगळणं. अभ्यासात ती वगळली आहेत का, आणि न वगळता व वगळून असे दोन्ही निकाल दिले आहेत का, हे बघा. दोन्ही दिले असतील तर फरक किती पडला त्यावर बोट ठेवा. मला स्वतःला २०१६ चं विश्लेषण जास्त पटतं. पण इतकं गाळल्यावर उरलेले लोक कितपत प्रातिनिधिक राहतात, ही हरकतही खरी आहे. ती मांडणाऱ्यांनी विषय पुढेच नेला.

कारण सिद्ध करायचा दुसरा रस्ता जनुकांतून जातो. २००७ मध्ये एफटीओ जनुकाजवळच्या एका बदलाचा शोध लागला. युरोपीय वंशाच्या प्रौढांत सुमारे १६ टक्के लोकांत त्याच्या दोन प्रती असतात, आणि एकही प्रत नसलेल्यांपेक्षा ते सरासरी ३ किलोने जड असतात. जनुकं जन्मतःच वाटून झालेली असतात. नंतरचा आजार किंवा सवय ती बदलू शकत नाही. म्हणून वजन वाढवणारे असे बदल ज्यांच्यात जास्त त्यांच्यात मधुमेहही जास्त असेल, तर वजन हे कारण असल्याचा पुरावा बळकट होतो. आणि टाइप 2 मधुमेहाबाबत तसंच दिसतं. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. एफटीओबद्दल वाचताना माझ्या मनात कायम राहतं ते हे की सारख्याच घरात, सारख्याच सवयींत वाढलेल्या दोघांना वजनाचा ओढा सारखा नसतो. माप घेताना टेप बघूनच मान खाली घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आळशी ठरवणाऱ्या कुणीही हे आकडे आधी वाचावेत.

तिसरा रस्ता प्रत्यक्ष प्रयोगाचा: लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटायचं आणि एकाच गटाला उपाय द्यायचा. वाटणी खरोखर यादृच्छिक असेल तर दोन्ही गटांत धूम्रपान करणारे, आजारी, जनुकांचे वाहक साधारण सारखेच पडतात. ‘संबंध आढळला’ आणि ‘कमी झालं’ या दोन क्रियापदांतला फरक इथे येतो. निरीक्षणाच्या अभ्यासाने दुसरं क्रियापद वापरलं असेल तर पेन्सिलीने खोडून पहिलं लिहा आणि पुढे वाचा.

टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजा

अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध प्रयोगाचे निकाल २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक, तीन गट. एका गटाला जीवनशैलीचं सखोल मार्गदर्शन मिळालं: वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम. दुसऱ्याला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध, तिसऱ्याला दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली, गोळी. मथळा झाला: जीवनशैलीने मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी.

आता हेच माणसांत वाचा. तीन वर्षांत शंभरांतल्या किती जणांना मधुमेह झाला असा हिशेब केला तर दिखाऊ गोळीच्या गटात सुमारे २९, मेटफॉर्मिनच्या गटात २२ आणि जीवनशैलीच्या गटात १४. म्हणजे सात जणांनी तीन वर्षं तो कार्यक्रम पाळला तर त्यांच्यातल्या एकाचा मधुमेह टळतो किंवा लांबतो. फार मोठं यश आहे हे. पण बघा, कार्यक्रम पाळूनही चौदा जणांना मधुमेह झालाच आणि दिखाऊ गोळीच्या गटातल्या एकाहत्तर जणांना त्या काळात झाला नाही. ‘५८ टक्के’ या आकड्यात ही माणसं दिसत नाहीत.

दुसरं उदाहरण औषधाचं. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा ‘सिलेक्ट’ नावाचा प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७,६०४ लोक, सगळे आधीपासून हृदय-रक्तवाहिन्यांचे रुग्ण, बीएमआय २७ किंवा जास्त, मधुमेह नसलेले. मथळा: धोका २० टक्क्यांनी कमी. माणसांत: सरासरी सव्वातीन वर्षांच्या पाठपुराव्यात हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही झालं ते दिखाऊ इंजेक्शनच्या गटात शंभरांत ८ जणांना आणि औषधाच्या गटात ६.५ जणांना. साधारण ६७ जणांना औषध दिलं की एकाचा प्रसंग टळतो. त्याच निबंधात पुढे बघा: त्रास झाल्यामुळे औषध सोडणारे एका बाजूला १६.६ टक्के, दुसऱ्या बाजूला ८.२. हे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. आणि ज्याला हृदयविकार नाही त्याच्यासाठी यातला एकही आकडा नाही.

तुम्हाला एवढंच करायचं आहे: एका कागदावर शंभर माणसं कल्पून दोन्ही गटांचे आकडे लिहा, वजाबाकी करा, शंभरला त्या वजाबाकीने भागा. किती जणांना उपाय करावा लागेल ते निघतं. शेजारी कालावधी लिहायला विसरू नका. वर्षं नसलेला धोका निरर्थक आहे. मूळ आकडे दिलेच नसतील, फक्त ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ असेल, तर तो अभ्यास निर्णयासाठी वापरू नका. दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच.

समूहाचं उत्तर आणि एका माणसाचं उत्तर

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये केनियातल्या भटक्या जमाती आणि लंडनचे सरकारी नोकर यांच्या रक्तदाबाचे आलेख शेजारी ठेवले. दोन्ही आलेखांचा आकार जवळपास सारखा होता, पण लंडनचा सगळाच्या सगळा उजवीकडे सरकलेला. रोझ म्हणाले की इथे दोन प्रश्न आहेत. लंडनमध्ये याचाच रक्तदाब का जास्त, हा एक. लंडनभर सगळ्यांचाच केनियापेक्षा का जास्त, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जनुकांत सापडू शकतं. दुसऱ्याचं लंडनच्या आत कितीही शोधलं तरी सापडणार नाही, कारण तिथे सगळेच त्याच वातावरणात आहेत.

वजनाला हे तंतोतंत लागू पडतं. २०२२ मध्ये जगात लठ्ठपणा असलेल्यांची संख्या एक अब्जाच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. तीन-चार दशकांत माणसाची जनुकं बदललेली नाहीत. म्हणजे आलेख सरकला तो सगळ्यांभोवतीच्या परिस्थितीने. पण त्या सरकलेल्या आलेखात कोण टोकाला गेलं, यात जनुकांचा वाटा मोठा. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि ‘जनुकं की वातावरण’ असा वाद घालणारा लेख दिसला तर तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे ते आधी ठरवा.

म्हणूनच ‘म्हणजे माझं काय?’ विचारणाऱ्यांना मी सांगते की समूहाची सरासरी स्वतःच्या गळ्यात घालून घेऊ नका. आणि ‘आमचे काका वजनदार होते, नव्वदीपर्यंत जगले’ म्हणून ती फेकूनही देऊ नका. धोका वाढणं म्हणजे शंभरांत काही जण जास्त. काका उरलेल्यांपैकी. स्वतःपुरतं बघायचं तर बीएमआयसोबत कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी), ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल हे आकडे घेऊन डॉक्टरांशी बोला. २०२५ च्या जानेवारीत तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगानेही हीच दिशा धरली: फक्त बीएमआयवर निदान करू नये, जादा चरबी दुसऱ्या मापानेही ताडावी, आणि तिने अवयवांच्या कामावर परिणाम केला असेल तर एक वर्ग, अजून केला नसेल तर वेगळा.

शेवटी पैसा आणि नोंदणी

निबंधाच्या अखेरीस निधी कुणी दिला आणि लेखकांचे हितसंबंध काय, हे लिहिलेलं असतं. साखरयुक्त पेयं आणि वजन यांवरच्या आढावा लेखांची २०१३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा खाद्यउद्योगाशी आर्थिक संबंध असलेल्या लेखांनी ‘संबंध आढळत नाही’ असा निष्कर्ष काढण्याची शक्यता पाचपट दिसली. उद्योगाचा पैसा दिसला म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही. वर सांगितलेला सिलेक्ट प्रयोगही औषधाच्या उत्पादकानेच केला होता. अशा वेळी नोंदणी उघडा. प्रयोग सुरू होण्याआधी मुख्य मोजमाप कोणतं हे सार्वजनिक नोंदवहीत लिहावं लागतं, तारखेसह. निबंधात ज्याचा गवगवा आहे तेच मोजमाप तिथे पहिलं आहे का, ते ताडा.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे ‘लुक अहेड’ हा अमेरिकेतला प्रयोग. टाइप २ मधुमेह असलेले ५,१४५ लोक, एका गटाला वजन उतरवण्याचा सखोल कार्यक्रम, मुख्य मोजमाप हृदय-रक्तवाहिन्यांचे प्रसंग. वजन उतरलं, साखर सुधारली, पण जवळजवळ दहा वर्षांनीही मुख्य मोजमापात फरक दिसेना, म्हणून २०१२ मध्ये प्रयोग थांबवला. २०१३ च्या निबंधात निष्कर्ष सरळ सर्वांत आधी लिहिला: हृदयाचे प्रसंग कमी झाले नाहीत. झालेले इतर फायदे त्यानंतर. नोंदवहीतला क्रम आणि निबंधातला क्रम असा जुळतो का, हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. नोंदणी क्रमांक बहुतेकदा सारांशाच्या शेवटच्या ओळीत असतो.